पिवळ्या रंगातली वस्ती

दोरीवर वाळत घातलेल्या एका झबल्यावर गुंडेरावांना स्टेशनचा रस्ता दिसला आणि हातातला तांब्या त्यांनी तसाच कठड्यावर ठेवला. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन नुकतंच परसात उतरलं होतं. आधी वाटलं, पिळा घातल्याची सुरकुती असेल. पण सुरकुती इतकी सरळ नसते. झबलं शेजारच्या निलम्माच्या नातवाचं, पंज्याएवढं, धुऊन धुऊन पांढरं पडलेलं. त्याच्या पाठीवरून एक करडी दुहेरी रेघ तिरकी गेली होती, खांद्यापाशी शिवणीत गडप झाली होती आणि शिवणीच्या अलीकडं तिला एक गोल लागला होता. तो गोल म्हणजे चौक. आपलं अक्षर माणसाला कुठंही ओळखू येतं, तशी नकाशा काढणाऱ्याला आपली रेघ ओळखू येते. कोपऱ्यावर आली की गुंडेरावांची लेखणी क्षणभर थांबायची आणि तिथं शाईचा एक बारीक दाणा राहायचा. बाकी सगळं धुपून गेलं होतं, पण ते दाणे जागच्या जागी होते.

"काय बघायलाव, अण्णा?" निलम्मा दारातून म्हणाली. तिच्या कडेवर पोर होतं. "मऊ हाय की न्हाई कापड?"

"हे कुठलं, अक्का?"

"कचेरीतलं. जुनं जुनं समदं काढून इकलं की त्यांनी दसऱ्याच्या पुढंमागं. आमच्या शिंप्यानं गठ्ठाच आणला. उकळत्या पाण्यात घालून खळ काढली की आतनं मलमल निघती बघा. रंगबी होता, हळदीवानी पिवळा. त्यो पयल्या धुण्यातच गेला. ह्या रेघा तेवढ्या जाईनात. लई घासलं."

"घासू नका," गुंडेराव पटकन म्हणाले.

"कामून?"

"विरंल कापड."

निलम्मा हसली. पोराला खांद्यावर टाकून आत गेली. गुंडेराव तिथंच उभे राहिले. तोंड धुवायचं राहिलं होतं, ते राहूनच गेलं. नोकरीतून निघालेल्या गुंडेरावांना दोन दिवसांपूर्वी कचेरीतल्या नव्या साहेबानं बोलावून विचारलं होतं, जुना नकाशा कुठं असेल. तेव्हा त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, वरून दुसऱ्या खणात, नळीत घालून ठेवलाय. आता तो नकाशा वाऱ्यानं हलत होता आणि त्याच्या बाहीतून पाणी ठिबकत होतं. राग यायला हवा होता. पण आला तो वास. खळीचा, शाईचा आणि नकाशे काढायच्या त्या निळसर, काचेसारख्या गुळगुळीत कापडावर उन्हाळ्यात हात टेकला की उठणारा घामाचा. त्या वासाबरोबर कचेरीची उंच खिडकी आली, खिडकीतला कडुलिंब आला आणि पाठीमागून टेबलावर वाकलेल्या मुनीर हुसेन साहेबांच्या अचकनीची चाहूल आली.

रेल्वे बीदरला आली त्या सालातली गोष्ट. तोवर शहर तटाच्या आत होतं आणि आतच राहणार, असं सगळे धरून चालले होते. तट होता, खंदक होता, वेशी होत्या. शहराच्या मधोमध, चौबाऱ्याच्या बुरुजापाशी उभं राहिलं की शहर चारी बाजूंना संपलेलं दिसायचं. वेशीबाहेर तांबडा माळ, सीताफळीची झुडपं, कबरी, एखादी विहीर. मग रूळ आले, आणि स्टेशन झालं ते वेशीपासून लांब, माळावर. पहिल्या गाडीतून उतरलेली माणसं बोचकी डोक्यावर घेऊन धुळीतून चालत येताना गुंडेरावांनी पाहिली होती. त्यांच्या पावलांनी माळावर एक वाट पडली. वाटेवर कुणीतरी पानाची टपरी टाकली. टपरीमागं एक टांगेवाला घोडं बांधू लागला. आणि एका सकाळी मुनीर हुसेन साहेबांनी कचेरीत येऊन टोपी काढली, रुमालानं कपाळ पुसलं आणि म्हणाले, "गुंडेराव, शहर बाहर निकल रहा है. अपन को उस से पैले निकलना पड़ता."

साहेब हैदराबादचे. विलायतेला जाऊन इंजिनियरी शिकून आलेले, पण बोलणं घरगुती. गुंडेराव तेव्हा तिशीतले नकाशेकार. जे आहे ते हुबेहूब उतरवायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. विहीर असली की निळा ठिपका, घर असलं की गुलाबी चौकोन, बाग असली की हिरवा हात फिरवायचा. साहेबांनी त्यांच्यासमोर वेशीबाहेरच्या माळाच्या नकाशाचं कोरं कापड टाकलं. गुंडेराव म्हणाले, ह्यात काहीच नाही, काय काढू? साहेब म्हणाले, "जो है, वो तो कोई भी उतार लेता. जो नईं है, वो उतारना है." त्यासाठी त्यांनी एक रंग ठरवला होता, पिवळा. पुढं होणाऱ्या वस्तीचा. पहिल्यांदा त्या पिवळ्यात बुडवलेला कुंचला गुंडेरावांनी दोनदा परत निथळवला होता. नसलेल्या घराला भिंत घालायची, नसलेल्या माणसाच्या दारातून रस्ता न्यायचा, न जन्मलेल्या पोरांसाठी मैदान सोडायचं. हे देवाचं काम, आणि ते आपण महिना पगारावर करायलोय, असं काहीतरी मनात येऊन गेलं होतं. दिवसभर ते साहेबांबरोबर माळ तुडवत. पाणी कुठून येईल, सांडपाणी कुठं जाईल, वारं कोणीकडून वाहतं, मग कातडी कमावणाऱ्यांनी कुठं बसावं, आळंद-भालकीकडून तुरीच्या गाड्या आल्या तर बैल कुठं सोडतील. साहेब मध्येच थांबून विचारायचे, आज ज्या घरी पाळणा हलला, तो पोरगा मोठा होऊन घर कुठं बांधेल? आणि उत्तराची वाट बघत खरोखरच उभे राहायचे, जणू गुंडेरावांना तो पोरगा ओळखीचा होता.

घरी येऊन हे सगळं अन्नपूर्णाला सांगायचं, ही त्यांची सवय. तटाच्या आतल्या त्या भाड्याच्या दोन खोल्यांना एकच खिडकी होती, तीही दुसऱ्याच्या भिंतीकडं. ती चुलीपुढं बसून ऐकायची. एकदा म्हणाली, "पिवळाच कामून पण?"

"साहेबांनी ठरवला."

"मग बरं ठरवला. हळद लागली म्हणायची माळाला." आणि भाकरी उलटताना मान न वळवता तिनं विचारलं होतं, "त्यात आपलं कुठलं?"

पुढच्या शुक्रवारी, जुम्म्याच्या सुट्टीला त्यांनी तिला माळावर नेलं. रस्त्याच्या कडेला, जरा उंचवट्याची, खडकाळ अशी ती जागा. नकाशावर ती घरासाठी सोडलेली होती आणि वस्ती झाली की अर्ज करून मागता येणार होती. अन्नपूर्णा उंचवट्यावर चढली, पदर डोक्यावर ओढून तिनं चहूकडं पाहिलं. लांबवर स्टेशनवर धूर दिसत होता. "इथं वारं आहे," ती म्हणाली. एवढंच. मग वाकली आणि एकेक तांबडा दगड उचलून रांगेनं मांडू लागली. ही ओसरी. हे माजघर. इथं चूल, म्हणजे धूर घरात यायचा नाही. इथं देव. गुंडेराव हसत उभे होते. मदतीला म्हणून सरळ तिच्याकडं निघाले तर ती ओरडली, "अहो, भिंतीतून कुठं यायलात? दार आहे की तिकडं!" आणि पस्तिशीला टेकलेले, सरकारी नोकरीतले गुंडेराव मुकाट्यानं वळसा घालून दारातून आत गेले होते.

त्यानंतर जुम्म्याची संध्याकाळ त्या घरात जायची. हिवाळ्यात तिथं दुपारचं ऊन छान पडे, म्हणून ती ओसरी थोडी सरकवायची. पावसाळ्यात दगडांच्या फटीतून गवत उगवलं की "घर शाकारायला झालं" म्हणायची. शाळा कुठं आहे, असं तिनं एकदा विचारलं आणि गुंडेरावांनी हात करून दाखवलं. तिनं डोळे बारीक करून अंदाज घेतला. "लई लांब पडती. दारात उभं राहिलं तर पोरगं दिसायला नको का?" कोणतं पोरगं, हे दोघांनीही बोलून दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीत गुंडेरावांनी शाळेचा चौकोन बोटभर अलीकडं घेतला. साहेबांनी संध्याकाळी नकाशा पाहिला, चौकोनावर बोट ठेवलं, गुंडेरावांकडं पाहिलं. "इधर अच्छा है," म्हणाले. "छाँव रहेगी."

एका जुम्म्याला साहेब सायकलवरून त्याच वाटेनं आले. उंचवट्यावर नवरा-बायको उघड्या माळात दगडांच्या मध्ये बसलेले पाहून त्यांनी सायकल थांबवली. कुणाही माणसानं हसून पुढं निघून जावं असंच ते दृश्य होतं. साहेबांनी क्षणभर दगडांच्या रांगा पाहिल्या, सायकल बाजूला लावली आणि दाराच्या जागेपाशी येऊन उभे राहून मोठ्यानं विचारलं, "अंदर आऊँ, गुंडेराव?" गुंडेराव गडबडून उठले. अन्नपूर्णानं पदर पुढं ओढला आणि हळूच त्यांना म्हणाली, "त्यांना म्हणा, या. पण जोडे बाहेर." गुंडेरावांना ते सांगायची गरजच पडली नाही. एवढा मोठा अंमलदार खाली वाकला, बुटांचे बंद सोडले, बूट दाराबाहेर नीट जोडीनं ठेवले आणि पायमोज्यांनी तांबड्या मातीतून चालत येऊन ओसरीवर मांडी घालून बसला. अन्नपूर्णानं सीताफळ फोडून दिलं. बिया टाकायला साहेब इकडंतिकडं बघू लागले. मग म्हणाले, खिडकी किस तरफ है? तिनं बोट केलं. त्यांनी खिडकीतून बिया बाहेर टाकल्या.

आता परसातल्या दगडावर बसल्या बसल्या गुंडेरावांना तो प्रसंग असा आठवला की तळपायांना माती लागली. गंमत अशी की ज्या खोल्यांत त्यांनी उभा जन्म काढला, त्या खोल्या त्यांना कधी आठवत नसत. आठवे ते हेच घर, जे कधी उठलंच नव्हतं. त्याचा उंबरा कुठं होता हे अंधारातही सांगता आलं असतं. पुढं सगळं हळूहळू वाळत गेलं. मंजुरी हैदराबादहून येणार होती. ती येते येते म्हणत राहिली. मग युद्ध सुरू झालं, पैसा तिकडं वळला, आणि साहेबांची वरंगळला बदली झाली. स्टेशनवर निरोप देताना त्यांनी गुंडेरावांचा हात हातात धरून ठेवला होता आणि गाडी हलल्यावर दारातून ओरडून सांगितलं होतं, "रंग सूखने मत देना मियाँ!" रंग वाळला. नकाशा नळीत गेला, नळी कपाटात गेली. जुम्म्याच्या संध्याकाळी दोघं तरीही जात. पण आता ती दगड सरकवत नसे, नुसती बसे. मग एका उन्हाळ्यात तिला विषमज्वर झाला. ग्लानीत ती सारखी म्हणायची, खिडकी उघडा, वारं येऊ द्या. गुंडेराव उठून ती भिंतीकडची खिडकी उघडत. "ती नव्हं हो," ती कासावीस होऊन म्हणे, "ती नव्हं." तिला कुठली खिडकी हवी होती, हे ती गेल्यावर कितीतरी दिवसांनी एकदम त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा ते बाजारात भाजी घेत होते. पिशवी तिथंच टाकून घरी आले होते. माळावर मात्र त्यानंतर एकदाही गेले नाहीत. घर सोडून निघून गेलेल्या माणसासारखे ते त्या बाजूलाच फिरकेनासे झाले.

आणि मग हे अठ्ठेचाळीस साल. पावसाळाभर गावागावांतून धूर दिसला. सप्टेंबरात हिंदुस्थानच्या फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, आणि धूर थांबला म्हणेपर्यंत दुसरीकडून निघाला. कुणाचं घर ऑगस्टात जळलं, कुणाचं सप्टेंबरात. साहेबांची काहीच खबर नव्हती. कुणी म्हणे हैदराबादेत आहेत, कुणी म्हणे कराचीला गेले. गुंडेराव दोन्ही ऐकून घेत आणि दोन्हीवर विश्वास ठेवत नसत. कचेरीचा फलक बदलला. आणि हुबळीकडून एक तरुण इंजिनियर आला, लिंगराज त्याचं नाव. पुण्यात शिकलेला, खादीचा सदरा घालणारा, भरभर चालणारा. त्याला शहराचा नवा आराखडा करायचा होता. सगळ्यात आधी स्टेशनचा रस्ता.

त्या दुपारी गुंडेराव कचेरीत गेले ते हेच सांगायला, की नकाशा आता मिळायचा नाही. झबल्याचं बोलले नाहीत. रद्दीत गेला, एवढंच म्हणाले.

लिंगराजनं कपाळावर हात मारला. "म्हणजे आता काहीच नाही?"

"मी आहे," गुंडेराव म्हणाले, आणि स्वतःच दचकले.

"रस्ता कुठून होता ते जागेवर दाखवाल? माळावर लोकांनी झोपड्या घातल्यात. गावं सोडून आलेले लोक आहेत, मला कळतं. पण एकदा भिंती उठल्या की सात जन्मांत रस्ता होणार नाही. रस्त्यातल्या तेवढ्या आत्ताच उठवल्या पाहिजेत." त्याचा आवाज कठोर नव्हता. उलट घाईनं काहीतरी वाचवायला निघालेल्या माणसाचा होता. गुंडेरावांना त्या आवाजात मुनीर हुसेन साहेब ऐकू आले.

दोघं वेशीतून बाहेर पडले. इतक्या वर्षांत माळ तसाच राहिला असेल, असं गुंडेरावांच्या मनानं धरून ठेवलं होतं. दगड, गवत, वारं. पण समोर पालं होती, कुडाच्या झोपड्या होत्या, वाळत घातलेली लुगडी होती, शेणाचा आणि धुराचा वास होता, आणि कुणीतरी कुणावर तरी ओरडत होतं. चालता चालता त्यांचे डोळे आपोआप खुणा शोधत होते. ती मोडकी कबर, म्हणजे चौक इथं. ती विहीर, म्हणजे बाजाराची हद्द. लोकांनी कुणालाही न विचारता, न कळत, जवळजवळ तिथंच बस्तान मांडलं होतं, जिथं त्यांनी आणि साहेबांनी पिवळा हात फिरवला होता. पाण्याजवळ, वाऱ्याच्या तोंडाला, वाटेच्या दोन्ही अंगांना. फक्त रस्ता सोडायचा राहिला होता. आणि उंचवटा रिकामा होता. खडक होता, तिथं झोपडीची मेढ रोवता येत नव्हती. दगडांच्या रांगा मात्र नव्हत्या. एकही दगड नव्हता.

उंचवट्याला लागूनच एक झोपडी होती. दारात एक मध्यमवयीन बाई तूर पाखडत बसली होती. साहेबलोक बघून उठली, सूप बाजूला ठेवलं. "कोन पायजे?"

"नाव काय बाई तुमचं? कुठल्या तुम्ही?" लिंगराजनं विचारलं.

"राजूबाई. हुलसूरच्या अंगच्या. घर न्हाई ऱ्हायलं तिथं." तिनं गुंडेरावांकडं पाहिलं. त्यांचे केस पांढरे होते म्हणून असेल, त्यांच्याशीच बोलू लागली. "बसा की अण्णा. ही शेजारची बानूबी, ही आळंदची. दोघी संगंच आलाव म्हना की. एकाच इहिरीवर गाठ पडली." मागच्या पालातून एका बाईनं तोंड बाहेर काढलं आणि ओढणी सावरून परत आत घेतलं.

गुंडेरावांचं लक्ष झोपडीच्या जोत्याकडं होतं. कुडाखाली हातभर उंचीचं तांबड्या दगडांचं जोतं घातलेलं होतं. "दगड कुठून आणले?" त्यांनी विचारलं.

"आणायचे कुटून? ह्या उंचवट्यावरच आयते गावले. रांगंनं मांडलेले होते बघा. कुनी लेकरानं घर-घर खेळल्यावानी." ती हसली. "माळावर एवढं कोन खेळलं आसंल, देव जाने. मला बरं झालं. गडी न्हाई घरात, दगड कोन फोडनार?"

गुंडेराव खाली बसले. कुणाला वाटावं, दमले म्हणून बसले. ओसरीचे दगड, देवघराचे दगड, सगळे एकमेकांवर चढून मातीनं लिंपून गेले होते. आता कुठला कुठला, हे अन्नपूर्णालाही सांगता आलं नसतं. वर्षानुवर्षं मनात जे घर जसंच्या तसं राखलं होतं, ते कधीच मोडून दुसऱ्याच्या घराखाली गेलं होतं, आणि त्यांना पत्ताही नव्हता. दुखेल असं वाटलं होतं. दुखलंही. पण दुखण्याच्या तळाशी एक विचित्र निवांतपणा होता. पुष्कळ दिवस रिकाम्या घराची किल्ली कमरेला वागवावी आणि एक दिवस कळावं की आत कुणीतरी राहायला आलंय, तसा.

लिंगराज जमीन मोजायच्या दुर्बिणीच्या तिकाटण्यापाशी उभा होता. "रस्ता इथूनच होता ना? ह्या झोपड्यांवरून?"

नाही म्हणता आलं असतं. नकाशा कुठंच नव्हता, तपासणारं कुणी नव्हतं. बोटानं पलीकडचा माळ दाखवला असता तर तोच रस्ता ठरला असता. पण ती रेघ साहेबांची होती. त्या रेघेबद्दल खोटं बोलणं त्यांच्या जिभेला जमेना.

"इथूनच होता," गुंडेराव म्हणाले. राजूबाई पाऊलभर पुढं आली. "वेशीपासून स्टेशनपर्यंत सरळ. ह्या बाईच्या दारातून, त्या पालातून, पुढच्या सगळ्या झोपड्यांतून. झाडं लावायची होती दोन्ही बाजूंनी."

"अण्णा!" राजूबाई म्हणाली.

"थांबा बाई." ते गुडघ्यावर हात देऊन उठले. "साहेब, पुढं माणसं येतील म्हणून आम्ही रस्ता आखला होता. रस्ता व्हायच्या आधी माणसं आली. आता रस्त्यानं जरा बाजूला व्हावं."

लिंगराज म्हणाला, "बाजूला म्हणजे कुठं? पलीकडं विहीर आहे. अलीकडं तो खडक."

"खडकावरून."

"तिथं काय आहे?"

"काही नाही," गुंडेराव म्हणाले. त्यांनी पुन्हा म्हटलं, "काही नाही तिथं. फोडावा लागंल थोडा. पण एकही झोपडी उठणार नाही. असा वळसा घ्यायचा आणि चौकात परत जुन्या रेघेला मिळायचं." त्यांनी हवेत बोटानं रेघ काढली. बोट ओसरीवरून, माजघरातून, चुलीवरून गेलं. दाराशी वळसा घालायला ते थांबले नाहीत.

"सरळ रस्त्यात मध्येच वळण. बेढब दिसेल."

"दिसू द्या."

"उद्या कुणी विचारलं, इथं वळण का? तर मी काय सांगू?"

"सांगा, इथं माणसं राहत होती."

लिंगराजनं त्यांच्याकडं पाहिलं, मग झोपड्यांकडं, मग उंचवट्याकडं. तो काय विचार करत होता कळत नव्हतं. शेवटी त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "मला वर पटवून द्यावं लागेल. नकाशा काढून द्याल? नवा? पुढची तीस-चाळीस वर्षं धरून?"

"काढतो," गुंडेराव म्हणाले. चाळीस वर्षांनी आपण नसणार, हे त्यांना त्या क्षणी अजिबात खटकलं नाही.

नकाशाला मंजुरी मिळेल की नाही, हे त्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हतं. पण लिंगराज वाट बघणाऱ्यातला नव्हता. त्याच आठवड्यात तो खुंट्या आणि दोरी घेऊन माळावर आला आणि गुंडेरावांना बरोबर घेतलं. उंचवट्यावरची पहिली खुंटी गुंडेरावांनी स्वतः ठोकली. खडकात ती जाईना, तिसऱ्या घावाला गेली. राजूबाई खाली उभी राहून बघत होती. "लई जीव लावून ठोकायलाव की अण्णा," ती म्हणाली. वर वारं होतं. तेवढं मात्र अजून तसंच होतं.

खाली उतरले तर भांडण लागलेलं. दोरी ताणल्यावर झोपड्यांच्या मधला बोळ कुठून जाणार हे सगळ्यांना एकदम दिसलं होतं, आणि राजूबाई आणि बानूबी कमरेवर हात देऊन समोरासमोर उभ्या होत्या. बानूबीचं म्हणणं, बोळ राजूबाईच्या बाजूनं न्या, म्हणजे सांडपाणी आपल्या दारातून जायचं नाही. राजूबाईचं म्हणणं, "मग काय माझ्या दारात गंगा वाहू दे काय?" आजूबाजूच्या झोपड्यांतून बायका-माणसं गोळा झाली होती आणि प्रत्येकाला काहीतरी म्हणायचं होतं. लिंगराज हसत हसत दोरी गुंडाळत दूर सरकला आणि गुंडेरावांना मध्ये सोडून गेला.

"अण्णा, तुम्हीच सांगा हिला!"

"अण्णा, इस कू बोलो तुम!"

"गप बसा!" गुंडेराव ओरडले. त्यांचा आवाज इतका चढलेला त्यांनीच कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. सगळे गप झाले. "बोळाचं मग बघू. आधी मला सांगा, तुमच्याकडं अजून कोण कोण यायचंय?"

राजूबाईनं बानूबीकडं पाहिलं. कमरेवरचे हात खाली आले. "माझी धाकटी जाऊ हाय की. तिची लेकरं. ती भालकीला पावन्याकडं पडून हाय."

"मेरी बहन," बानूबी म्हणाली. "उसका लड़का शादी का है."

"आनि माझ्या लेकीचं बाळंतपण हाय फाल्गुनात," राजूबाई म्हणाली. मागून एक म्हातारा म्हणाला, त्याचे दोघं भाऊ यायचेत. आणखी कुणी म्हणालं, अख्खा वाडाच यायचाय गावाकडून. एकमेकांच्या तोंडातून शब्द काढून घेत सगळे एकदम बोलू लागले.

गुंडेरावांनी खाली ठेवलेली चुन्याची पाटी उचलली. "सरा मागं," ते म्हणाले. लोक पाऊलभर मागं सरले. त्यांनी पुढची मोकळी जागा डोळ्यांनी मापली आणि मान हलवली.

"अजून सरा. अजून थोडं. लई जागा लागणार आहे."